लग्नाचा शालू शेंदरी कसा झाला?

आईवडिलांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या साड्यांच्या घड्यांमागे पडून होती. लग्न १९९२ सालचे. घरातला व्हीसीआर कधीच भंगारात गेलेला, म्हणून लेकीने ती कॅसेट गावातल्या एका दुकानात दिली. आठ दिवसांनी दुकानदाराने पेनड्राइव्ह हातात ठेवला आणि म्हणाला, ‘‘फुल एचडी करून दिलंय, ताई.’’ रात्री जेवणे उरकल्यावर सगळे टीव्हीसमोर बसले. सनई वाजली, अंतरपाट धरला गेला आणि आई एकदम म्हणाली, ‘‘अगं, हा माझा शालूच नाही!’’

शालू आईचाच होता. पण कुंकवाच्या रंगाचा तो शालू पडद्यावर शेंदराकडे झुकला होता आणि हातातला हिरवा चुडा काळपट दिसत होता. ‘‘जुनी कॅसेट आहे, रंग उडाले असतील,’’ असे म्हणून वडिलांनी विषय संपवला. लेकीला ते पटेना. उडालेला रंग फिका पडेल, शेंदरी कशाला होईल?

मग आतेभावाने कुठून तरी एक व्हीसीआर मिळवला, संगणकाला जोडायची छोटी यूएसबी कॅप्चर पट्टी आणली आणि घरीच कॅसेट उतरवली. या वेळी शालू लाल होता, पण सगळे लग्न धुक्यात लागल्यासारखे दिसत होते. मंगळसूत्राचे काळे मणी राखाडी, मुंडावळ्या मळकट. दुसऱ्या दिवशी त्याने कॅसेट पुन्हा लावली आणि उतरवतानाच कॉन्ट्रास्ट भरपूर चढवला. धुके गेले. मात्र आता आई वेगळ्याच कारणाने गप्प झाली. मांडवाच्या कोपऱ्यात, खांबाच्या सावलीत जांभळ्या नऊवारीत तिची आई बसलेली होती. लग्नानंतर वर्षभरातच ती गेली. तिचे हलतेबोलते चित्र जगात एवढेच. तिसऱ्या प्रतीत त्या कोपऱ्यात नुसता काळोख होता.

असा प्रसंग थोड्याफार फरकाने आज अनेक घरांत घडतो. एकच कॅसेट, तीन प्रती आणि तीन निरनिराळी लग्ने! दोष कॅसेटचा, असा निकाल लगेच दिला जातो. वास्तविक या तिन्ही चुका कॅसेटमधल्या नव्हत्या. त्या रंगाचे आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेताना झालेल्या होत्या. रंग आकड्यांत मांडण्याच्या या पद्धतीला तंत्रज्ञ ‘कलर स्पेस’ म्हणतात. शब्द परका असला तरी गोष्ट समजायला अवघड नाही.

शेजारचा रंगीत, आपला कृष्णधवल

१९८२ साल ज्यांना आठवते त्यांनी ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे. त्या वर्षी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ रंगीत दिसले. म्हणजे ज्यांच्याकडे रंगीत संच होता त्यांना. बाकीच्यांनी तेच खेळ आपापल्या कृष्णधवल संचावर पाहिले. कुणी काचेपुढे रंगीत प्लॅस्टिकचा पडदा लावून हौस भागवली, तो भाग वेगळा! पण प्रश्न असा की, प्रक्षेपण एकच असताना एका घरात रंग दिसत होते आणि दुसऱ्या घरात नुसते काळे-पांढरे चित्र, तरी दोन्ही ठिकाणी चित्र स्वच्छ कसे?

याचे कारण असे की, दूरचित्रवाणीचा संकेत लाल, हिरवा, निळा असे तीन रंग सुटे सुटे पाठवतच नाही. तो आधी फक्त प्रकाश पाठवतो. कुठे उजेड, कुठे अंधार. हेच कृष्णधवल चित्र. त्याच्या जोडीला रंगाची दोन माहितीपत्रे असतात. निळा रंग प्रकाशापेक्षा किती अधिक-उणा आणि लाल रंग किती अधिक-उणा, एवढेच त्यांत असते. हिरवा या तिघांच्या हिशेबातून काढता येतो. जुना संच प्रकाश घेतो आणि रंगाकडे दुर्लक्ष करतो. रंगीत संच तिन्ही घेऊन हिशेब करतो. ही युक्ती जॉर्ज व्हालेन्सी या फ्रेंच अभियंत्याने १९३८ सालीच पेटंटच्या अर्जात मांडली होती. पुढे साठच्या दशकात जर्मनीत टेलेफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी ‘पाल’ पद्धत तयार केली. भारताने हीच पद्धत स्वीकारली.

आपली व्हीएचएस कॅसेट याच वंशातली. तिच्यावर शालूचा ‘लाल’ असा कुठे लिहिलेलाच नाही. प्रकाश आहे आणि रंगातले फरक आहेत. या पद्धतीला बोलीभाषेत ‘वाययूव्ही’ म्हणतात. संगणकाचा आणि मोबाइलचा पडदा मात्र लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचा असतो; त्याची भाषा ‘आरजीबी’. कॅसेटवरचे लग्न पडद्यावर यायचे तर कुठे तरी हे भाषांतर व्हावेच लागते. ते किती वेळा होते आणि कोणत्या नियमाने होते, यावर आईचा शालू अवलंबून असतो.

तोळा कोणता धरायचा?

जुन्या हिशेबात तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीच्या चिठ्ठीत ‘पाटल्या पाच तोळे’ असे लिहिलेले असेल आणि वाचणाऱ्याने आजचा तोळा धरला, तर पाटल्या तशाच राहतील, पण वजन चुकेल. व्हिडिओच्या रंगातही असेच दोन तोळे आहेत.

साध्या टीव्हीच्या आकाराच्या डिजिटल चित्रासाठी १९८२ साली एक आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्याला ‘६०१’ म्हणतात. प्रकाशाचा आकडा काढताना त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११ टक्के धरला जातो, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत उजळ भासतो. पुढे एचडी टीव्हीसाठी १९९० साली ‘७०९’ हे मानक आले. त्यात हे वाटे बदलले: हिरवा सुमारे ७२ टक्के, लाल २१ आणि निळा ७.

दुकानदाराच्या ‘फुल एचडी’त घोटाळा झाला तो इथेच. त्याने कॅसेट ६०१ च्या हिशेबाने उतरवली, ते योग्यच होते. मग चित्र ताणून एचडीच्या आकाराचे केले, पण रंगाचे आकडे बदलले नाहीत आणि कोणता हिशेब आहे ते फाइलमध्ये नोंदवलेही नाही. अशी नोंद नसेल तर बहुतेक प्लेयर आकारावरून अंदाज बांधतात. चित्र लहान असेल तर ६०१, एचडी असेल तर ७०९. टीव्हीने मोठे चित्र पाहिले आणि ७०९ चा तोळा लावला. अशा वेळी गणिताने काय होते? लालमध्ये थोडा हिरवा मिसळतो, म्हणून कुंकू शेंदराकडे सरकते. शुद्ध हिरवा मात्र अंधारतो, म्हणून चुडा काळपट. तक्रार करताना आईने नेमक्या याच दोन गोष्टींवर बोट ठेवले होते.

खरे तर कॅसेट एचडी करण्याचा हा सोसच अनाठायी आहे. व्हीएचएसवर आडव्या दिशेला प्रकाशाचा तपशील जेमतेम २४० रेघांचा असतो आणि रंगाचा सुमारे ४० रेघांचा. टेपची क्षमता अपुरी म्हणून रंगाचा भाग फार खालच्या कंपनसंख्येवर दाबून बसवलेला असतो. त्यामुळेच शालूचा लाल रंग काठ सोडून बाहेर पसरल्यासारखा दिसतो. चित्र कितीही मोठे केले तरी टेपवर नसलेला तपशील त्यात येणार नाही. कॉपीवरून कॉपी काढली असेल तर रंग आणखी सरकतात. म्हणून घरात दोन-तीन कॅसेट असतील, तर व्हिडिओ शूटिंगवाल्याने दिलेली पहिली कॅसेट कोणती ते आधी शोधावे. मामाकडे पाठवलेली कॉपी उतरवण्यात श्रम घालू नयेत.

दुधाचे पातेले

आतेभावाच्या प्रतीतले धुके हे वेगळे प्रकरण आहे. संगणकाच्या आरजीबी चित्रात काळ्याचा आकडा ० आणि पांढऱ्याचा २५५ असतो. टीव्हीच्या पद्धतीत प्रकाशासाठी काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवतात. दूध तापवताना आपण पातेले काठोकाठ भरत नाही, वर थोडी जागा सोडतो, तसेच हे. टेपवरचा संकेत कधी कधी ठरलेल्या रेषेच्या वर-खाली जातो. व्हिडिओच्या दिव्याचा झोत नवऱ्या मुलाच्या पांढऱ्या उपरण्यावर पडला की हमखास वर जातो. तो सांडू नये म्हणून ही मोकळी जागा.

आता फाइलमध्ये काळा १६ वर आहे, पण प्लेयरला कुणी सांगितले की आकडे ० ते २५५ आहेत. तो १६ ला काळा न मानता गडद राखाडी मानतो आणि २३५ ला पांढऱ्याऐवजी फिका राखाडी. झाले धुके! उलट चूक झाली, म्हणजे ० ते २५५ चे चित्र १६ ते २३५ समजून दाखवले, तर काळोख अधिक दाट होतो आणि उपरण्याच्या चुण्या पांढऱ्या डागात विरून जातात.

धुक्याची चूक दिसायला वाईट, पण तशी निरुपद्रवी. आकडे सगळे जागेवर असतात, फक्त वाचणारा चुकतो. आतेभावाने पहिली फाइल तशीच ठेवून तिच्यातली ती एक नोंद दुरुस्त केली असती तरी भागले असते. त्याऐवजी त्याने उतरवतानाच कॉन्ट्रास्ट चढवला. सावलीतले सगळे आकडे खाली ढकलले जाऊन ० वर एकत्र साचले. खांब, जांभळी नऊवारी, आजीचा चेहरा, सगळ्यांचा आकडा एकच. नंतर कोणतेही सॉफ्टवेअर त्या शून्यातून चेहरा वेगळा काढू शकत नाही. नशीब एवढेच, की कॅसेट अजून घरात होती.

उतरवताना काय निवडावे?

बहुतेक कॅप्चर पट्ट्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक यादी उघडते: ‘आरजीबी २४’, ‘वाययूवाय२’, कधी ‘यूवायव्हीवाय’. आरजीबी हे नाव ओळखीचे, म्हणून पुष्कळ लोक तेच निवडतात. इथेच पहिले अनावश्यक भाषांतर होते आणि दुधाच्या पातेल्यातली वरची जागा सहसा त्यातच कापली जाते. ‘वाययूवाय२’ निवडावे. ही टेपच्याच भाषेतली पद्धत आहे. तिला ४:२:२ असेही म्हणतात. म्हणजे ओळीतल्या दर चार ठिपक्यांमागे प्रकाशाच्या चार नोंदी आणि प्रत्येक रंगफरकाच्या दोन-दोन. व्हीएचएसच्या तुटपुंज्या रंगाला हे पुरून उरते.

टीव्हीच्या पद्धतीत भारतातल्या कॅसेटसाठी ‘पाल-बी’ निवडावे, आकार ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चित्रे. न्यू जर्सीहून दिराने पाठवलेली बारशाची कॅसेट असेल तर ती ‘एनटीएससी’ असणार. तिला ती पद्धत वाजवणारा व्हीसीआर हवा, आणि ती पालमध्ये न बदलता तशीच उतरवावी. व्हीसीआरला एस-व्हिडिओची गोल खाच असेल तर पिवळ्या वायरीऐवजी ती वापरावी, कारण तीत प्रकाश आणि रंग वेगळ्या तारांतून येतात. जुन्या यंत्राची वायर एचडीएमआयमध्ये बदलणारी स्वस्त डबी बाजारात मिळते. टीव्हीवर नुसते बघायला ती ठीक आहे, पण जतन करण्याची प्रत तिच्यातून काढू नये. ती स्वतःच चित्र ताणते आणि रंगाचा हिशेबही आपल्या मनाने करते.

मुख्य उतरवणी सुरू करण्याआधी कॅसेटचा सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधारा भाग पाच-पाच मिनिटे चालवून पाहावा. व्हर्च्युअलडबसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशाचा आलेख दिसतो. तो डाव्या किंवा उजव्या भिंतीला चिकटून उभा राहत असेल तर पट्टीच्या सेटिंगमधला ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट थोडा कमी-जास्त करून त्याला आत आणावे. चित्र जरा फिके दिसले तरी चालेल. सुंदर करण्याचे काम नंतरचे.

जागा किती लागेल? काहीही न दाबता ठेवले तर तासाला सुमारे ७५ गिगाबाइट. तीन तासांची कॅसेट सव्वादोनशेच्या घरात जाते. ‘एफएफव्ही१’ किंवा ‘हफवाययूव्ही’ या पद्धती एकही आकडा न गमावता हा भार बराच हलका करतात. एफएफव्ही१ तर अभिलेखागारेही वापरतात. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर ती मुळातच डिजिटल आहे. तिच्यातले आकडे फायरवायरच्या वायरीने जसेच्या तसे संगणकात घ्यावेत, तासाला सुमारे १३ गिगाबाइट.

नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायची छोटी प्रत या मूळ फाइलवरून, शेवटी आणि एकदाच काढावी. पालमध्ये प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. मोबाइलसाठी या ओळी आधी जुळवून घ्याव्यात आणि नंतर रंग ४:२:० या आणखी काटकसरीच्या पद्धतीत न्यावेत. क्रम उलटला तर लाल काठांवर दाते पडतात. चित्र एचडी आकाराचे करायचेच असेल तर रंगाचे आकडे ७०९ मध्ये बदलून घ्यावेत आणि फाइलमध्ये तशी नोंद करावी. मूळ आकार ठेवला तर ६०१ ची नोंद पुरे. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की या नोंदी वाचता येतात. पालच्या फाइलला तिथे कधी ६०१ ऐवजी ‘बीटी ४७०’ असे नाव दिसते. त्याने घाबरू नये, हिशेबातले वाटे तेच आहेत.

दुकानात काम द्यायचे असेल तर यातले दोनच प्रश्न विचारावेत: ‘‘न ताणलेली, मूळ आकाराची फाइल मिळेल का?’’ आणि ‘‘उतरवताना रंग वाययूव्हीतच ठेवता ना?’’ समोरचा माणूस गोंधळला तर पुढचे दुकान पाहावे.

कपाटातला शालू काय सांगतो?

पुष्कळजणींना वाटेल, शालू अजून कपाटात आहे, तो पडद्याशेजारी धरावा आणि रंग जुळवावा. कल्पना चांगली, पण थोडी फसवी. त्या काळी लग्नात कॅमेऱ्यामागे एक मुलगा हॅलोजनचा दिवा उंच धरून फिरायचा. त्या दिव्याचा उजेड पिवळट. कॅमेऱ्याचा पांढऱ्या रंगाचा मेळ शूटिंगवाल्याने मांडवाबाहेर लावला आणि आत आल्यावर बदलला नाही, तर सगळे लग्न पिवळे होते. हा दोष टेपवरच आहे. तो पुढे हलक्या हाताने सुधारता येतो, पण त्याला उतरवणीची चूक समजू नये.

ओळखायची खूण सोपी आहे. सगळ्याच वस्तूंवर एकाच रंगाची छटा असेल, केळीच्या खांबापासून भटजींच्या धोतरापर्यंत, तर दोष बहुधा दिव्याचा किंवा कॅमेऱ्याचा. पांढरे आणि करडे अगदी ठीक, पण लाल आणि हिरवे तेवढे भलतीकडे गेलेले असतील, तर तोळा चुकला. कारण ६०१ असो वा ७०९, बिनरंगी करड्याचा हिशेब दोन्हींत सारखाच येतो. काळे मणी राखाडी आणि मुंडावळ्या मळकट असतील, तर १६ आणि २३५ चा घोळ.

पहिल्या दोन प्रती म्हणूनच फेकण्याच्या लायकीच्या नव्हत्या. तोळा चुकलेला असेल तर नोंद सुधारून किंवा उलटा हिशेब करून रंग बऱ्याच अंशी जागेवर येतात. धुकेही पुसता येते. परत येत नाही ते फक्त कापले गेलेले, सावलीतले आणि झगझगाटातले.

या कामाला फार वेळही उरलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ सालीच इशारा दिला होता की, चुंबकीय टेपवरचे जे २०२५ पर्यंत उतरवले जाणार नाही, ते बहुतांशी हातचे जाईल. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणे थांबवले. नवे व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी होती. आपल्याकडे तर पावसाळाही आहे. कोकणात, मुंबईत कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि कॅसेट यंत्रात घालू नये. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. नाही तर यंत्राचे हेड खराब होते आणि त्यात पुढे लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागण होते.

त्या घरात कॅसेट चौथ्यांदा लागली ती एका रविवारी दुपारी. या वेळी यादीतून ‘वाययूवाय२’ निवडले होते, आकार मूळचाच ठेवला होता आणि कॉन्ट्रास्टला कुणी हात लावला नव्हता. चित्र थोडे फिकट, थोडे पिवळट होते. हॅलोजनचे होते ते. पण शालू लाल होता, चुडा हिरवा होता. मांडवाच्या कोपऱ्यात खांबाच्या सावलीत आजी बसलेली दिसली, आणि दिसले की ती एकटी नाही. तिच्या मांडीवर कुणाचे तरी तान्हे मूल झोपलेले आहे. ते मूल कोणाचे, यावर घरात अजून एकमत झालेले नाही. मोठी मावशी म्हणते धाकट्या काकूंचा मुलगा. आई म्हणते, छे, तो तर तेव्हा चालत होता.

कॅसेटच्या लेबलवर वडिलांच्या हातचे बॉलपेनने लिहिलेले आहे, ‘शुभविवाह १९९२, भाग १’. त्याखाली लेकीने आता एक ओळ वाढवली आहे: ‘मूळ प्रत. पाल, ६०१, १६ ते २३५. दोन हार्डडिस्कवर उतरवली.’